कोकमाच्या अर्काने लायपेज ७१ टक्के अडलं, मग त्याला लठ्ठपणावरचं औषध म्हणू का?

रातांबा_कुडाळ

नमस्कार सगळ्यांना. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फार्माकॉग्नोसी, म्हणजे वनस्पतींतल्या औषधांचा अभ्यास. कॉलेज कोल्हापूरच्या बाजूला, घर कुडाळ तालुक्यात. थिसिसचा विषय कोकमाच्या सालीचा अर्क आणि लठ्ठपणा. हा विषय मीच मागून घेतला कारण घरची अकरा झाडं आहेत रातांब्याची, म्हणजे कोकमाची, आणि दुसरं कारण आई, ते खाली लिहिते.

आत्तापर्यंत केलंय ते असं. मे महिन्यात घरचीच फळं घेतली, साल सावलीत वाळवली (मीठ आणि रसाचे हात न देता, म्हणजे आमसूल नाही, नुसती साल), दळली, ७० टक्के इथेनॉलमधे तीन दिवस भिजत ठेवली, गाळून रोटाव्हॅपवर आटवली. पावडर काही केल्या होत नाही, लाल काकवीसारखं चिकट राहतं आणि डेसिकेटरमधून काढलं की लगेच ओल ओढतं. मग डुकराच्या पॅनक्रियाजचं लायपेज (चरबी फोडणारं एन्झाइम) विकत घेऊन टेस्ट लावली. पी-नायट्रोफिनाइल ब्युटिरेट (लायपेजने फोडलं की पिवळा रंग येतो), ५० मिलीमोलर ट्रिस बफर (पीएच फार हलू न देणारं द्रावण) ७.४ पीएचचा, ३७ डिग्री, रंगाचं रीडिंग ४०५ नॅनोमीटरला, तुलनेला ऑर्लिस्टॅट, म्हणजे लायपेज अडवणारं वजनाचं औषध. अर्क २ मिलिग्रॅम पर मिली असताना ७१ टक्के इनहिबिशन आलं, म्हणजे लायपेजचं काम तेवढं अडलं, आणि तीन वेळा करून तेवढंच आलं, म्हणजे चुकून आलेलं नाही.

गाईड खूश आहेत, म्हणतात पेपरच्या नावातच ‘अँटी-ओबेसिटी’ घाल. काकांचं कोकमाचं छोटं युनिट आहे, सरबत आगळ आमसुलं करतात, ते तर म्हणायला लागलेत ‘झाडां आपली, साल आपली, मगे कॅप्सूल पण आपणच करूया’, लेबलवर ‘वजन घटवते’ असं छापायचं त्यांच्या डोक्यात आहे. आणि आई. वय ५२, वजन ८६ किलो, शुगरच्या गोळ्या चालू, गुडघे दुखतात, जिना चढताना मधे थांबते. मी रिझल्ट सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘तां औषद माका पण दी मगे.’ त्या रात्री मला झोप नाही लागली. द्यावं का? ७१ टक्क्यांचा अर्थ नक्की काय धरायचा? लॅबमधे काम केलेल्या कोणी प्लीज नीट सांगा, मला खोटं काही लिहायचं नाहीये.

---

प्रयोगवही_पुणे

आधी आईचं. नको देऊस. कारण इथले बाकीचे सांगतीलच, मी तुझ्या टेस्टबद्दल बोलते, कारण मी चौदा वर्षं एन्झाइमवर काम करतेय आणि तुझं वाचताना मला एक गोष्ट टोचली.

तुझा अर्क आंबट आहे. कोकमाची साल म्हणजे मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड, ज्याला सगळे एचसीए म्हणतात. आणि तू तो ७.४ च्या ट्रिसमधे घातलायस. ट्रिसची खरी पकड ८ च्या आसपास असते, ७.४ ला आणि त्यातही ३७ डिग्रीला त्याच्याकडे ॲसिड पचवायला फार काही उरलेलं नसतं. कागदावर करून बघ. तुझ्या २ मिलिग्रॅममधला तिसरा हिस्सा जरी एचसीए धरला तरी ते ३ मिलीमोलरच्या वर जातं, त्याच्या प्रत्येक रेणूला सोडायला तीन प्रोटॉन, म्हणजे साडेनऊच्या आसपास मिलीमोलर ॲसिड. आणि ३७ डिग्रीला ५० च्या ट्रिसमधे ते झेलायला साधारण १४ मिलीमोलर आहे. म्हणजे बफर बराचसा संपला, पीएच सातच्या खाली गेला असणार.

आता खरी गोम. तू मोजतेस तो पिवळा रंग पी-नायट्रोफिनॉलचा, आणि ते पिवळं दिसतं फक्त प्रोटॉन सुटलेला असतो तेव्हा. ७.१ च्या जवळपास ते निम्मं पिवळं निम्मं बिनरंगी असतं. पीएच खाली गेला की रंग आपोआप जातो. म्हणजे एन्झाइम बिचारं नेहमीसारखं काम करत असेल तरी तुझ्या मशीनला वाटणार की काम थांबलं! तीन वेळा तेच आलं म्हणतेस, येणारच, ॲसिड तिन्ही वेळा तेवढंच होतं ना. परत परत तोच आकडा येणं आणि तो आकडा बरोबर असणं यात फरक आहे गं, हे मला माझ्या पहिल्या गाईडनी शिकवलं होतं आणि मी अजून दर बॅचला सांगते.

तीन गोष्टी कर, दोन दिवसांचं काम आहे. एक, टेस्ट जशी लावतेस तशीच लाव आणि सगळं मिसळल्यावर त्याचा पीएच बघ, पट्टी नको, मीटर. दोन, एन्झाइम न घालता नुसतं तयार पी-नायट्रोफिनॉल बफरमधे घे, रीडिंग घे, मग अर्क घाल आणि परत घे. रीडिंग पडलं तर ते पडणं एन्झाइममुळे नाही हे उघड आहे. तीन, अर्काचा स्टॉक सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ ला आणून मग टेस्ट लाव, आणि शेजारी तेवढ्याच आंबटपणाचं साधं सिट्रिक ॲसिड. लिंबूफूल सुद्धा ‘७० टक्के लायपेज रोखतं’ असं दिसलं तर तुला उत्तर मिळालं.

अजून एक. सालीत टॅनिनसारखे पॉलिफिनॉल असतात, ते कुठल्याही प्रोटीनला जाऊन चिकटतात. चहा प्यायल्यावर जीभ आकसते ना, तेच. टेस्ट ट्यूबमधे लायपेजला चिकटले की इनहिबिशन दिसतं, पण पोटात जेवणातली डाळ दूध सगळं असतं, ते आधी त्यांनाच चिकटणार. पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) टाकून टॅनिन काढून टाक आणि परत बघ काय उरतं.

---

प्रयोगवही_पुणे

वरच्यात राहिलं म्हणून परत लिहितेय. तू लायपेज का निवडलंस? बहुतेक सोपं आणि स्वस्त आहे म्हणून, सगळेच तेच करतात. पण एचसीएबद्दल जो मूळ दावा आहे तो लायपेजचा नाहीच. लायपेज आतड्यात, जेवणातलं तेल फोडतं. ऑर्लिस्टॅट तिथे काम करतं (आणि तेही एका जीवाणूच्या लिपस्टॅटिनवरून आलंय, वनस्पतीवरून नाही). एचसीए अडवतं ते एटीपी सिट्रेट लायेज, पेशीच्या आतलं, जे साखरेपासून चरबी बनवायच्या वाटेवर आहे. नावं सारखी वाटतात, लायपेज आणि लायेज, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणि ही गोष्ट आपल्याच देशातली आहे हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. मलबारी चिंचेत, म्हणजे केरळी लोक माशात घालतात ती कुडमपुळी, आपल्या कोकमाची सख्खी बहीण, तिच्यात हे ॲसिड मुख्य आहे हे १९६५ मधे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी दाखवलं. त्याआधी ते सिट्रिक किंवा टार्टारिक असावं असं समजत. मग अमेरिकेत लोवेनस्टाइनच्या लॅबने ते एन्झाइम कसं अडवतं ते दाखवलं, उंदरांवर काम झालं, आणि तिथून पुढे ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ या त्याच मलबारी चिंचेच्या शास्त्रीय नावाच्या कॅप्सुलांचा बाजार उभा राहिला. म्हणजे तुझ्या काकांच्या डोक्यातली कॅप्सूल जगाने आधीच काढून बघितलेली आहे. माणसांत काय झालं ते एखाद्या डॉक्टरने सांगावं इथे.

---

उंदीरखोलीतून

मॅडमनी टेस्ट ट्यूबचं छान सांगितलं, मी पुढच्या पायरीचं सांगतो कारण आता तुझे गाईड म्हणणार की चल उंदरांवर करू.

माझ्या एम.फार्म.ला एका पानाचा अर्क होता, झाडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक लगेच तोडायला जातात. हाय फॅट डाएटवर उंदीर, म्हणजे रॅट, दहा आठवडे, अर्क ४०० मिलिग्रॅम पर किलो, रोज नळीने पोटात. वजन मस्त कमी. ग्राफ इतका सुंदर की मी तो मोबाईलच्या वॉलपेपरला लावला होता. नंतर थिसिस लिहिताना माझ्या एका सीनियर ताईने विचारलं की खाणं किती खाल्लं त्याची वही दाखव. वही होती, पण मी कधी बेरीज केलीच नव्हती. बेरीज केली तर अर्क दिलेले उंदीर रोज बाकीच्यांपेक्षा चांगलंच कमी खात होते, आणि पिंजऱ्याखालच्या भुशावर पातळ शीही जास्त होती, तेही मी ‘निरीक्षण’ म्हणून लिहून सोडून दिलं होतं. म्हणजे चरबी जळाली वगैरे काही नाही, त्यांना मळमळत होतं आणि पोट बिघडलं होतं. खरं तर तिसरा एक ग्रुप हवा होता ज्याला अर्क नाही पण अर्कवाल्यांनी जेवढं खाल्लं तेवढंच मोजून खायला दिलंय, त्याला पेअर-फेड म्हणतात. गाईडनी मान्य केलं, परत ॲनिमल एथिक्स कमिटीकडे अर्ज, परत परवानगी, सहा महिने गेले, घरी पैशाची ओढाताण होती तेव्हा. तो ग्रुप केला, आणि त्यांचं वजन अर्कवाल्यांइतकंच उतरलं. अर्काचा स्वतःचा वाटा काहीच निघाला नाही. थिसिसमधे मी तेच लिहिलं. पास झालो, कोणी काही बोललं नाही.

मला ते उंदीर अजून आठवतात, म्हणून सांगतोय. नळी घालताना ते हातात थरथरतात. जी गोष्ट टेस्ट ट्यूबमधेच नीट तपासता आली असती तिच्यासाठी ४० जनावरं वापरू नयेत असं मला मनापासून वाटतं. आधी पीएचचं बघ, मगच पुढे.

आणि डोसचा हिशेब प्रत्येकाने करावा. रॅटचा डोस माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात, माऊसचा १२.३ ने. माझे ४०० म्हणजे माणसाला ६४ मिलिग्रॅम पर किलो, ७० किलोच्या माणसाला रोज साडेचार ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम पानातून बारा ग्रॅम अर्क निघायचा, म्हणजे रोज ३७ ग्रॅम सुकी पानं. कोण खाणार एवढं, आणि किती दिवस? पेपरमधे मात्र ‘४०० मिलिग्रॅमला परिणाम’ वाचलं की वाटतं एक गोळी झाली.

---

वैद्य_सांगोला

मी वैद्य आहे, प्रॅक्टिस करते, आणि वरचं सगळं पटतं, तरी एक गोष्ट मांडावीशी वाटते. चर्चा अशी चाललीय जणू वनस्पती म्हणजे टॅनिन आणि आंबटपणाच. चरकांनी अतिस्थूल माणसाचं वर्णन सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात केलंय आणि त्याच्या उपचाराचं सूत्र दिलंय ‘गुरु चातर्पणं’, म्हणजे पचायला जड पण पोषण कमी असं खाणं. आजच्या भाषेत भूक भागेल पण कॅलरी कमी. तिथे एका झाडाचा अर्क काढून दिलाय आणि माणूस बारीक झाला असं नाहीच, आहार, व्यायाम, झोप, आणि मग त्याला जोडून औषध. माझ्याकडे येणारे पेशंट ‘मॅडम गुग्गुळ द्या’ म्हणून येतात, मी आधी ज्वारी, नाचणी, रात्रीचं जेवण किती वाजता, चहात साखर किती चमचे हे विचारते तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

पण त्याचबरोबर माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगते, तपासायला घाबरू नका. गुग्गुळावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००३ मधे छापून आली, १०३ माणसं, आठ आठवडे, कोलेस्टेरॉलसाठी. वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींना अंगावर पुरळ आलं. आमच्याकडे अनेक जण म्हणाले की अनुपान (औषध ज्यासोबत घ्यायचं ते) नव्हतं, शोधन (गुग्गुळाची शुद्धी) नव्हतं, प्रकृती बघितली नाही. असेल, पण मग शोधन करून, प्रकृती बघून आपण चाचणी लावायला नको का? मला ते दुसऱ्यांनी करावं असं नाही वाटत, आपणच करायला हवं. ही मुलगी स्वतःच्याच रिझल्टवर शंका घेऊन इथे विचारतेय याचं मला फार कौतुक आहे.

---

रातांबा_कुडाळ

सगळ्यांचे खूप आभार. उद्या लॅब उघडली की पहिलं पीएच मीटर. मला खरंच हे कधी सुचलंच नाही, ट्रिस ७.४ सगळे वापरतात म्हणून वापरलं.

वैद्य मॅडम, आई सकाळी नाश्त्याला घावणे आणि गोड चहा घेते, तुमचं वाचून दाखवलं तिला.

---

डॉ_घाटमाथा

उशिरा बघितलं, ओपीडी होती. माणसांत काय झालं ते विचारलंय ना वर, सांगतो.

१९९८ मधे न्यूयॉर्कच्या हेम्सफील्ड यांच्या टीमची चाचणी आली. १३५ जाड माणसं, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन ग्रुप, १२ आठवडे. एका ग्रुपला रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण नुसतीच गोळी, कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. दोन्ही ग्रुपला भरपूर फायबर आणि कमी कॅलरीचा आहार. शेवटी एचसीएवाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं आणि नुसत्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. फरक मोजण्यासारखा नव्हता. वजन उतरवलं ते आहाराने. आता विचार करा, दुसरा ग्रुप नसताच तर? ‘१२ आठवड्यांत तीन किलो, नैसर्गिक कोकमवर्गीय अर्काने’ अशी जाहिरात झाली असती, आणि ती जाहिरात करणाऱ्याला मनातून खरंही वाटलं असतं. म्हणून तुलनेचा ग्रुप लागतोच.

आता धोका. २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने हायड्रॉक्सीकट नावाची वजनाची उत्पादनं घेणं ताबडतोब थांबवा असं लोकांना सांगितलं, लिव्हरला इजा झाल्याचे २३ रिपोर्ट त्यांच्याकडे होते आणि त्यात एक मृत्यू. त्या उत्पादनांत बरेच घटक एकत्र असायचे, काहींत गार्सिनियाही होतं, त्यामुळे सगळं एका झाडाच्या माथी मारता येत नाही. पण नंतर नुसतं गार्सिनिया घेणाऱ्यांतही लिव्हर सुजल्याच्या केसेस मेडिकल जर्नलमधे आल्या. ग्रीन टीचं तसंच. कपभर प्यायलेल्या चहाचं काही नाही, पण त्याचा अर्क दाट करून गोळीत भरला, आणि त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याच्या वर गेलं की लिव्हरची एन्झाइम्स वाढायला लागतात असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मधे म्हटलं. म्हणजे जे ताटात निरुपद्रवी आहे ते दाट केल्यावर तसंच राहील याची खात्री नाही. सोलकढीतली दोन आमसुलं आणि इथेनॉलमधे काढून आटवलेला अर्क या वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या आईंबद्दल. त्या शुगरच्या गोळ्या घेतात, त्यात मधे एक न तपासलेला, ज्यात इथेनॉल पूर्ण गेलंय की नाही, जड धातू किती, बुरशी आहे का हे काहीच बघितलेलं नाही असा अर्क नको. लॅबचं भांडं ते लॅबचं भांडं, त्यातलं घरात आणायचं नाही. त्यांना घेऊन एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे जा. शुगरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, काहींनी नाही, नुसती गोळी बदलून फरक पडू शकतो. आणि आता खरोखर वजन उतरवणारी औषधं आहेतही. सेमाग्लुटाइडची २०२१ ची चाचणी १९६१ जणांवर होती, ६८ आठवडे, सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं आणि औषध नसलेलं नुसतंच इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. महाग आहेत, सगळ्यांसाठी नाहीत, उलट्यांचा त्रास होतो काहींना, पण ‘परिणाम दिसला’ म्हणजे किती दिसायला हवा याचा अंदाज यावा म्हणून आकडा दिला.

आणि वनस्पतींतून काही निघत नाही असं मात्र समजू नकोस. मेटफॉर्मिन, जे बहुतेक तुझ्या आईही घेत असतील, त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका शेंगवर्गीय झुडपात आहे. त्यातलं गॅलेजीन साखर कमी करायचं पण विषारी होतं, त्याच कुळातले रेणू लोक करत गेले, आणि १९५७ मधे फ्रान्सच्या स्टर्न यांनी मेटफॉर्मिन मधुमेहाच्या पेशंटना देऊन निष्कर्ष छापले. झाडापासून गोळीपर्यंत अनेक दशकं गेली.

---

आगळवाला

मी लॅबवाला नाही, सिंधुदुर्गातच कोकमाचा धंदा आहे, वीस वर्षं झाली. ताई, काकांना माझा निरोप सांगा. ‘वजन घटवते’ छापू नका. १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूई उपाय यांच्या जाहिरातींचा, त्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी आहे आणि त्यात लठ्ठपणा आहे. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी सरबताच्या बाटलीवर ‘मेद कमी करते’ लिहिलं होतं, एका गिऱ्हाइकाने, वकील होते ते, दुकानात उभं राहून समजावून सांगितलं. त्या रात्री आम्ही घरच्या सगळ्यांनी बसून चारशे लेबलं काढली.

आणि मनाला लागलेली दुसरी गोष्ट अशी की त्या बाटलीत निम्म्याच्या वर साखर होती. कोकमाचं सरबत साखरेच्या पाकाशिवाय टिकत नाही, आगळ मिठाशिवाय टिकत नाही. शुगरवाला माणूस लेबल वाचून ते रोज प्यायला असता तर? ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. ते लिहा, कुठल्या गावचं ते लिहा, बिनसाखरेचं किती ते लिहा. मी तसं केल्यावर धंदा बसला नाही. पावसाच्या आत रातांबे उतरवायला माणसं मिळत नाहीत, अर्धं फळ झाडाखाली कुजतं, आमची खरी अडचण ती आहे. कॅप्सूल काढून ती सुटायची नाही.

---

पेशी_पाहणारी

छोटंसं. कोणी सांगितलं की उंदरांऐवजी पेशींवर कर, तर ३टी३-एल१ नावाच्या उंदराच्या पेशी वापरतात, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडे विचारता येईल. त्या आठ-दहा दिवसांत चरबीच्या थेंबांनी भरतात, ऑइल रेड ओ हा रंग घातला की थेंब लाल दिसतात, मायक्रोस्कोपखाली फार सुंदर दिसतं ते. अर्क घातला आणि लाल कमी झालं की लोक म्हणतात चरबी कमी. पण पेशी मेल्या तरी लाल कमीच होतं! म्हणून शेजारी एमटीटी नावाची टेस्ट करून पेशी जिवंत आहेत हे दाखवायचंच. आणि तुझा अर्क स्वतःच लाल आहे आणि आंबट आहे, तर इथेही तेच, आधी न्यूट्रल कर, नाहीतर मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते द्रावण) गुलाबीवरून पिवळा होईल आणि पेशी ॲसिडनेच जातील.

अजून, झाडाची ओळख पटवून घेतलीस का? घरचं झाड असलं तरी फांदी, पान, फूल दाबून वाळवून पुण्याच्या बॉटनिकल सर्व्हेच्या ऑफिसात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दे, नंबर घे. नाहीतर पाच वर्षांनी कोणाला तुझं काम परत करून बघायचं असेल तर त्याला कळणार नाही तू नक्की काय घेतलं होतंस.

---

रातांबा_कुडाळ

चार दिवसांनी लिहितेय. प्रयोगवही मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

सगळं मिसळल्यावर पीएच ६.८. नुसतं पी-नायट्रोफिनॉल घेतलं तर रीडिंग ०.८२, अर्क घातल्यावर ०.४०, आणि तिथे एन्झाइमचा थेंबही नव्हता. ते बघून मी पाच मिनिटं तशीच बसले. सिट्रिक ॲसिड, तेवढ्याच आंबटपणाचं, त्याने ६१ टक्के ‘इनहिबिशन’. मग अर्क न्यूट्रल करून परत लावला तर १९ टक्के. पीव्हीपीपी देऊन टॅनिन काढलं तर ६, आणि माझ्या तीन रीडिंगमधला फरकच तेवढा असतो. ७१ चे ६ झाले.

रडू आलं खरं सांगायचं तर, दीड वर्ष गेलंय यात. पण गाईडना सगळं जसंच्या तसं दाखवलं. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले की आंबट फळांच्या अर्कांवर असे किती पेपर असतील, तू हेच लिही, कोकम, चिंच, आवळा, लिंबू चारही घे आणि न्यूट्रल करायच्या आधी आणि नंतर असं शेजारी शेजारी दाखव. म्हणजे थिसिसचं नाव बदलतंय, ‘अँटी-ओबेसिटी’ जातंय. मला हे नवीन नाव जास्त आवडलंय. उंदीर घेणार नाही.

काकांना आगळवाले दादांचं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण काल लेबलवाल्याला फोन करून थांबवलंय. आईला बुधवारी कुडाळला नेतेय डॉक्टरकडे, गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरून ठेवलीत. तिला सांगितलं की अर्क चालत नाही. तर म्हणाली, ‘मगे सोलकढी चलात ना?’

एक शंका. आता चारही अर्कांना ट्रिसच वापरू की दुसरा बफर घेऊ? आणि न्यूट्रल केल्यावर कोकमाचा लाल रंग जांभळा-मळकट होतो, तो ४०५ ला त्रास देईल का?

---

प्रयोगवही_पुणे

सोलकढी चालते, मीठ बेताने. आणि शाब्बास, ०.८२ चे ०.४० तू स्वतः बघितलेस ते कोणी तुझ्याकडून काढून घेणार नाही.

ट्रिस सोड. हेपेस बफर घे, १०० मिलीमोलर, ७.६ ला ठेव, आणि तरी प्लेटमधल्या प्रत्येक विहिरीचा (खळग्याचा) पीएच शेवटी बघायचाच. रंगासाठी प्रत्येक अर्काचा बिनएन्झाइमचा ब्लँक (तुलनेचा नमुना) वेगळा लाव, त्याच पीएचला, एकच ब्लँक सगळ्यांना चालणार नाही. शिवाय ३४८ च्या आसपास पण एक रीडिंग घेऊन ठेव, तिथे पी-नायट्रोफिनॉल पिवळं असो की बिनरंगी, सारखंच वाचतं, पीएचचा खेळ तिथे चालत नाही. मात्र तिथे अर्क स्वतः जास्त शोषतात म्हणून अर्क पातळ ठेवावा लागेल. आधी लिंबावर करून बघ, त्यात रंग कमी, हात बसेल. आवळ्यात टॅनिन भरपूर, तो शेवटी घे. रीडिंग्ज आली की इथेच टाक, मी बघते.